चाळीस पौंडांचा दोरा

झाशी रोडवर नवं दुकान झालंय,
गोदामाएवढं, पत्र्याचं, आत थंडगार.
दारातच एक फायबरचं हरीण,
पोटावर लाल वर्तुळं काढलेली.
बाण मारून बघा, फुकट.
हेमांगी म्हणाली, आई, चल पुढे.

सोमवारी तिला हजर व्हायचंय,
चंबळच्या काठी, घडियालांच्या पहाऱ्यावर.
(आमच्यात सुसर म्हणतात. तिला हसू येतं.)
यादी तिच्या हातात: बूट, विजेरी,
काट्यांत टिकेल अशी पँट, एकमाणशी तंबू.
माझ्या हातात पिशवी.

बत्तीस वर्षं मी लष्करात आहे.
म्हणजे लष्कर मोहल्ल्यात, फॉल-पिको.
हिच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय वाचून
साहेबांनी म्हणे खुर्ची नीट केली होती.

पानापानांचे शर्ट टांगलेले, झाडीत न दिसण्यासाठी.
मी एक उलटा करून बघितला. एकेरी शिवण.
तीन धुण्यांत काखेत जाईल.
भदौरिया नावाचा पोरगा म्हणाला, आंटी, इंपोर्टेड है.
म्हटलं, इंपोर्टेड उसवत नाही का?

तंबू मांडून ठेवला होता. आत शिरलो,
तिने चेन ओढली
आणि दुकान गेलं.
एकमाणशी तंबूत आम्ही दोघी, हिरव्या उजेडात,
गुडघ्याला गुडघा. तिच्या गुडघ्यावर
सहावीतल्या टाक्यांची खूण, चार टाके, डॉक्टरचा हात जड होता.
जेवणाचं?
मेस आहे.
आणि रात्री?
आई.
बरं.

मग दोऱ्यांची भिंत आली.
इतका वेळ मी पाहुणी होते, इथे नव्हते.
रिळंच रिळं, पांढरी, पाण्याच्या रंगाची, काही बिनरंगाची.
एक बोटावर घेतलं तर बोट दिसे, दोरा दिसेना.
कितीचा?
चाळीस पौंड. तोडून दाखवा.
रोज दातानेच तोडते मी दोरा,
पुढच्या एका दाताला त्याची खाच पडलीय.
हा नाही तुटला.
पोरगा खूश. म्हणाला, इससे तो घडियाल खिंच जाए.

हेमांगीचा हात विजेरीवरच राहिला.

सुसर श्वासाला वर येते.
जाळ्यात अडकली की येता येत नाही.
येताना स्कूटरवर तिने सांगितलं होतं हे,
हेल्मेटमधून, निम्मं वाऱ्यावर गेलं,
निम्मं आत्ता पोचलं.

काउंटरवर आमच्या पुढे एक गृहस्थ.
जाळ्याच्या दोरीची सहा बंडलं, कपाळावर बांधायचा दिवा,
आणि आमच्यासारखीच विजेरी, तीच, पिवळ्या बटनाची.
माझी पिशवी जड बघून त्यांनी उचलून ठेवली,
म्हणाले, बहनजी, आधी तुम्ही.
चांगला माणूस वाटला. अजूनही वाटतो.
सूट दोघांनाही सारखीच मिळाली.
हेमांगी त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हती,
खाली बघत होती.

स्कूटर काढताना म्हणाली,
नऊ नंबरचे बूट. डावी टाच बाहेरून झिजलीय.
अगं, दोरी काय कुणीही घेतं, म्हटलं. खाटेला लागते.
हो, म्हणाली. खाटेला सहा बंडलं.

बिलात एक रीळ माझंही होतं. तिला कळू दिलं नाही.
रात्री ती झोपल्यावर मशीनचा दिवा लावला,
दोरा ताणून खिळ्याला बांधला
आणि घरातली एकेक कात्री लावून पाहिली.
कापडाची मोठी घसरली.
पिकोची घसरली. स्वयंपाकघरातलीने नुसता चावला.
काजाची ती बारीक काळी, अर्धं पातं उडालेली,
जी मी कुणाला हात लावू देत नाही,
तिने एका दमात तोडला.
आवाजही झाला नाही.

डाव्या बुटात ठेवलीय, मोज्यात गुंडाळून.
घालताना टोचेल. तेव्हा सापडेल.